वालचंद हिराचंद : संकल्प कोणी पाळला?

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव उच्चारले की आपल्या समाजाची मान अभिमानाने उंचावते, आणि त्यात वावगे काही नाही. सोलापुरातून ‘जैन बोधक’ हे मासिक सुरू करणाऱ्या हिराचंद नेमचंद दोशी यांच्या घरी २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेला मुलगा सावकारी व कापसाच्या घरच्या व्यापारात रमत नाही आणि पुढे जहाजे, विमाने व मोटारी यांचे कारखाने उभे करतो, ही हकिकत कितीही वेळा सांगितली तरी शिळी होत नाही. २००४ साली भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांचे नाव मिरविते. इंदापूर तालुक्यात एक अख्खे गाव त्यांच्या नावाने ओळखले जाते. गौरवाला कोठे उणीव नाही.

परंतु गौरवाच्या भाषणांत एक प्रश्न बहुधा बाजूला ठेवला जातो. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे शेठजींचे निधन झाले. त्याला आता सत्तर वर्षे उलटून गेली. या सत्तर वर्षांत त्यांनी स्थापिलेल्या कंपन्या ज्यांच्या ज्यांच्या हाती गेल्या, त्यांनी संस्थापकाचा मूळ संकल्प पाळला काय? जी संस्था पन्नास वर्षांचा टप्पा पार करते, जिचे संस्थापक हळूहळू भिंतीवरच्या तसबिरींत जातात आणि नवे विश्वस्त खुर्चीत बसतात, त्या संस्थेच्या व्यासपीठावर हा प्रश्न अप्रस्तुत म्हणता येणार नाही. म्हणून आजच्या विषयात चरित्र थोडे आणि चरित्रनायकाच्या पश्चातली कहाणी अधिक आहे.

व्यापारी माणूस वारसाची परीक्षा सहसा तीन गोष्टींवरून करतो. गादी राहिली का, पाटी राहिली का, पत राहिली का. बापाच्या दुकानावर मुलगा बसला, पाटीवरचे नाव तेच राहिले आणि बाजारात हुंडी परत आली नाही, की वारस नावाला जागला असे आपण समाधानाने म्हणतो. लहान पेढीला हे माप चालते. वालचंदांना हे माप लावले की मात्र हिशेब चुकतो. कारण त्यांनी काढलेले दोन सर्वांत मोठे कारखाने त्यांच्या हयातीतच सरकारकडे गेले. तेथे त्यांची गादीही राहिली नाही आणि पाटीही राहिली नाही. तेव्हा आधी त्यांचा संकल्प नेमका काय होता, ते पाहिले पाहिजे.

वालचंदांचा आरंभ साधा होता. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. ते विसाव्या शतकाचे पहिले दशक होते. मातीकाम, खडी, रूळ, पूल, आणि मग मोठी मोठी कामे. पुढे टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीमार्फत बोरघाटातील रेल्वे बोगद्यांचे अवघड काम त्यांनी पार पाडले. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. ठेकेदार म्हणून ते आयुष्यभर सुखाने राहू शकले असते. पैसा होता, प्रतिष्ठा होती, सरकारदरबारी ओळख होती. चाळिशीही न गाठलेल्या या ठेकेदाराने १९१९ साली जे केले ते मात्र कोणत्याही शहाण्या सावकाराने करू नये असेच होते. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी रुग्णनौका म्हणून घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीस निघाले होते. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्यासह वालचंदांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली, ते जहाज घेतले आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. जहाज जुने होते, चारच वर्षांनी ते मोडीत निघाले. पण समुद्रावरचा सारा धंदा इंग्रजी कंपन्यांच्या मुठीत असताना हिंदी मालकीचे जहाज विलायतेला निघाले, याची नोंद इतिहासाने घेतली. १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रवासाच्या स्मरणार्थ.

त्यानंतरची दरयुद्धाची कथा प्रत्येक दुकानदाराला ताबडतोब कळेल अशी आहे. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने किनाऱ्यावरील मालाचे भाडे इतके खाली आणले की नव्या कंपनीने एक तर बुडावे किंवा स्वतःला विकून टाकावे. समोरच्या मोठ्या दुकानाने वर्षभर तोटा सोसून माल विकावा आणि शेजारचा नवा दुकानदार उठला की पुन्हा भाव चढवावेत, तोच हा प्रकार. सिंदियाने स्वतःला विकले नाही. अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. त्यात कंपनीने किती जहाजे ठेवावीत आणि कोणती वाहतूक करावी यावर बंधने घातली गेली. कंपनी तगली, पण बांधली गेली. वालचंदांना हा करार मनापासून कधीच रुचला नाही. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर ते अध्यक्ष झाले आणि प्रकृतीने साथ सोडेपर्यंत, म्हणजे १९५० पर्यंत, त्या पदावर राहिले. हिंदी किनाऱ्यावरची वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवावी, ही मागणी त्यांनी या काळात सोडली नाही.

या एका प्रकरणात त्यांचा संकल्प स्वच्छ दिसतो. जी वस्तू किंवा जी सेवा देशाला परक्याकडून घ्यावी लागते, ती येथील भांडवलाने आणि येथील हातांनी निर्माण झाली पाहिजे. नुसती विकून चालणार नाही, बनविलीही पाहिजे. जहाजे चालविणाऱ्याने जहाजे बांधलीही पाहिजेत, म्हणून विशाखापट्टणम. मोटारी विकत घेणाऱ्या देशाने मोटारी बनविल्या पाहिजेत, म्हणून कुर्ला. वालचंद साधुसंत नव्हते. ते नफ्यासाठी व्यापार करीत, सरकारशी भांडत आणि त्याच सरकारकडे साह्यही मागत. एकाच वेळी अनेक घोडी मैदानात सोडण्याची त्यांची रीत सावध व्यापाऱ्याला झोप लागू देणार नाही अशी होती. तरी नफा कोठे मिळवायचा याची त्यांची निवड मात्र ठरलेली होती, आणि वारसांना मोजायचे ते याच निवडीच्या मापाने.

आता विमानाच्या कारखान्याकडे पाहू. १९३९ साली परदेशप्रवासात अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांच्याशी त्यांची गाठ पडली. म्हैसूर संस्थान आणि दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या सहकार्याने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. वर्ष उलटण्यापूर्वी तेथे जुळणी केलेले पहिले विमान आकाशात होते. परंतु या धंद्यात एक मूळचेच वैगुण्य होते आणि ते वालचंदांसारख्या मुरलेल्या व्यापाऱ्याला दिसले नसेल असे म्हणवत नाही. त्या कारखान्याला गिऱ्हाईक एकच होते : सरकार. ज्या मालाला एकच गिऱ्हाईक असते त्याचा भाव गिऱ्हाईक ठरविते, आणि पुढे दुकानही तेच ताब्यात घेते. जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत आले आणि १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्याकडे घेतला. लगोलग तो अमेरिकन हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती करण्यासाठी वापरला जाऊ लागला. संस्थापकाच्या हाती सव्वा-दीड वर्षापेक्षा अधिक काळ तो राहिलाच नाही.

येथे आपल्या प्रश्नाचे पहिले आणि काहीसे अनपेक्षित उत्तर मिळते. घराबाहेर गेलेल्या या कारखान्याने संकल्प बराच दूर नेला. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली येथे तयार झालेले एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ मध्ये उडाले. १९६१ मध्ये ‘मरुत’ हे लढाऊ विमान उडाले. १९६४ मध्ये कंपनीचे नाव हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाले आणि नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. ‘तेजस’ने २००१ मध्ये पहिले उड्डाण केले, २०१६ मध्ये ते हवाई दलात दाखल झाले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच्या सुधारित जातीचे विमान ओझरच्या धावपट्टीवरून उडाले. २०२४ मध्ये कंपनीला महारत्न दर्जा मिळाला. ज्या सरकारने कारखाना घेतला त्याच्या पुढच्या अधिकाऱ्यांपैकी कितीजणांना वालचंदांचे नाव ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे. तरी काम त्यांचेच चालले.

असे असले तरी या वहीतही एक खाते अजून उघडे आहे. तेजसचे इंजिन अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकचे आहे, आणि ते वेळेवर आले नाही की आपली विमाने इंजिनाविना तिष्ठत राहतात, हे अलीकडच्या वर्षांत सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे. सांगाडा येथे, हृदय परदेशी. १९४० च्या माणसाने हे पाहिले असते तर तो पेढे वाटून स्वस्थ बसला नसता, एवढे त्याच्या स्वभावावरून म्हणता येते.

जहाजबांधणीची कथा थोडी वेगळी आहे. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. दुसऱ्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या बंदरावर जपानी बाँब पडले आणि कामात खंड पडला. तरीही १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ हे आठ हजार टनी जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. जहाज बांधणे देशात महाग पडे आणि सरकारी साह्याविना तो खर्च कोणत्याही खाजगी कंपनीला झेपणारा नव्हता. १९५२ मध्ये दोनतृतीयांश हिस्सा सरकारने घेतला आणि १९६१ मध्ये उरलेलाही घेतला. हिंदुस्थान शिपयार्डने पुढे अनेक वर्षे तोटा सोसला, कामे रखडली, टीकाही झाली. २०१० मध्ये ते संरक्षण खात्याकडे वर्ग झाले, आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारे ‘ध्रुव’ हे जहाज तेथेच बांधले जाऊन २०२१ मध्ये नौदलात आले. येथे संकल्प मेला नाही. बराच काळ तो अंथरुणाला खिळून होता.

आता घराकडे वळू. वालचंदांच्या पश्चात उद्योगांची धुरा गुलाबचंद, रतनचंद, लालचंद या बंधूंकडे आणि पुढे पुतण्या-नातवांकडे आली. कालांतराने शाखा वेगळ्या झाल्या, कंपन्या वाटल्या गेल्या. व्यापारी कुटुंबात वाटण्या होणे ही काही निंदेची गोष्ट नव्हे. एका चुलीच्या चार चुली होतात, प्रत्येकाचा स्वयंपाक निराळा होतो. तसेच येथेही झाले. म्हणून ‘वारसांनी संकल्प पाळला’ किंवा ‘पाळला नाही’ असा एकच शेरा साऱ्या घराण्यावर मारणे अन्यायाचे ठरेल.

सर्वांत अधिक खंत वाटावी अशी कहाणी मोटारीची आहे. वालचंदांनी मोटारीच्या कारखान्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभापासून प्रयत्न केले. क्रायस्लर कंपनीशी बोलणी जुळली, पण परक्या सरकारने युद्धकाळात या उद्योगाला आवश्यक तो हात दिला नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्यात डॉज, प्लिमथ अशा गाड्यांची जुळणी सुरू झाली, आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी इटलीच्या फियाटशी करार झाला. हळूहळू अधिकाधिक भाग देशात बनू लागले. येथपर्यंत सारे संस्थापकाच्या मनासारखेच होते.

१९६४ मध्ये फियाट ११०० ची ‘डिलाइट’ ही गाडी आली. तिलाच १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नाव मिळाले, आणि तीच गाडी, फारसा फेरफार न होता, शतकाच्या अखेरीपर्यंत विकली गेली. पस्तीस वर्षांहून अधिक काळ एकच सांगाडा! कापडाच्या बाजारात एकच डिझाइन पस्तीस वर्षे चालविणाऱ्या गिरणीची काय गत झाली असती, हे येथे बसलेल्या कोणालाही सांगायला नको.

अर्थात वारसांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या काळात किती गाड्या काढायच्या ते परवाना ठरवी. किमतीवर सरकारचे नियंत्रण होते. नवे यंत्र आणायचे तर परकीय चलन मिळत नसे. गाडी नोंदवून ग्राहक वर्षानुवर्षे वाट पाहत. उत्पादन वाढवायची मुभा नाही आणि गिऱ्हाईक दारात उभे, अशा स्थितीत नवी गाडी काढण्याची ऊर्मी कोणाला आणि कशासाठी येणार? हे सारे खरे आहे. पण परवान्याचा हाच जाच बजाज, टाटा, महिंद्र यांनाही होता, आणि अडचणीच्या काळात कोणी आपल्या कारखान्यात पुढच्या दिवसांची तयारी केली आणि कोणी केली नाही, यात फरक पडतोच. वालचंदांच्या वेळचे सरकार तर परके होते, विरोधक होते. त्या अडथळ्यांतून त्यांनी वाट काढली. त्यांच्या पश्चात संरक्षित बाजाराने जो निवारा दिला, त्यात बसून राहण्याची सवय लागली. निवारा हा अडथळ्याहून अधिक घातक ठरला, असे या एका कंपनीपुरते तरी म्हणावे लागते.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि बाजार पालटला. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई ही गाडी काढली. नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली, ती टिकली नाही. मग फियाटशी नवा करार झाला आणि कुर्ल्याचा कारखाना त्या भागीदारीत गेला. २००९ मध्ये कंपनीने ‘रिओ’ नावाची छोटी गाडी आणली, तिचा जम बसला नाही. २०२१ मध्ये कंपनी दिवाळखोरी संहितेच्या प्रक्रियेत गेली. मुंबईत ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवच्या आरटीओत पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली, तेव्हा मुंबईकर हळहळले. त्या हळहळीत स्मृतींचा वाटा मोठा होता. ज्या माणसाने हिंदी मोटारीचा ध्यास घेतला, त्याची कंपनी मात्र त्या घटकेला इस्पितळात होती.

या उलट उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. नीरेच्या कालव्याकाठी, इंदापूर तालुक्यातील कळंब येथे माळरानावर वालचंदांनी ऊस लावला, साखर कारखाना उभारला आणि भोवती गाव वसविले. ते वालचंदनगर. साखर तयार करणाऱ्यांनी पुढे साखर कारखान्यांची यंत्रे तयार केली. त्यानंतर सिमेंट कारखान्यांची यंत्रे आली, अणुभट्ट्यांसाठी लागणारी अवजड सामग्री आली, आणि भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या अग्निबाणांची पोलादी कवचे आली. पीएसएलव्हीसारखे यान श्रीहरिकोट्याहून झेपावते तेव्हा त्यात इंदापूरच्या उसाच्या मळ्याशेजारी घडविलेला भाग असतो, ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत सांगितली जात नाही, ही आपली उणीव. या कंपनीचा ताळेबंद प्रत्येक वर्षी गोड नव्हता. तोट्याची वर्षे तिने पाहिली आहेत. तरी काल साखर, आज यंत्र, उद्या त्याहून कठीण यंत्र, ही चढण तिने सोडली नाही. संस्थापकाने स्वतः कधी अग्निबाणाची कल्पना केली नसेल, पण बाहेरून येणारी अवघड वस्तू येथे बनविण्याचा त्यांचा हट्ट या कामात ओळखू येतो. १९२६ सालच्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीबद्दलही थोडक्यात असेच म्हणता येईल. तिने आपले नळाचे काम शांतपणे चालू ठेवले आहे.

हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनचे काय? ही कंपनी वालचंदांच्या मूळ धंद्याची, खडी-सिमेंटची. तिने कोयनेचे धरण बांधले, इडुक्कीचे बांधले, फराक्क्याचा बंधारा घातला. २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू तिचाच. ही यादी ऐकून संस्थापकाला धन्य वाटले असते. मग याच कंपनीने पुण्याजवळ मोसे खोऱ्यात, वरसगावच्या जलाशयाकाठी लवासा नावाचे नगर वसवायला घेतले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण खात्याने ते काम थांबविले. वर्षभराने अटींसह मंजुरी मिळाली, पण तोवर कर्जाचे व्याज थांबले नव्हते. ऑगस्ट २०१८ मध्ये लवासा कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल झाली.

लवासाचे समर्थक म्हणत, वालचंदांनीही माळावर नगर वसविलेच होते, हे तेच धाडस. वरवर पाहता साम्य दिसते, आणि धाडसही खरोखर मोठे होते. पण दोन्ही नगरांचा पाया पाहिला की फरक दिसतो. वालचंदनगरात आधी शेत आणि कारखाना होता, त्यात काम करणाऱ्यांसाठी घरे झाली. तेथे घर हा खर्च होता, उत्पन्न कारखान्यातून यायचे. लवासात घर हाच विकायचा माल होता. वस्ती अगोदर, उद्योग पुढे येतील ही आशा. वालचंद कर्ज काढीत नव्हते असे नव्हे, पण त्या कर्जाच्या मागे यंत्र उभे असे. ज्या वारसांनी सागरी सेतू बांधला त्यांनीच लवासाही घेतले, म्हणजे एकाच हाताने संकल्प जपला आणि त्याच हाताने तो बाजूला सारला. माणसे अशीच असतात, त्यांच्या कंपन्याही.

रावळगावची गोष्ट लहान, तरी अनेकांच्या जिभेवरची. मालेगाव तालुक्यातील या माळावर १९३३ मध्ये साखर कारखाना निघाला आणि १९४२ मध्ये गोळ्या-चॉकलेटे बनू लागली. त्या काळी अशा गोळ्याही विलायतेहून येत, म्हणजे येथेही तोच संकल्प, फक्त पैशा-दोन पैशांच्या मालात. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक यांनी कित्येक पिढ्यांचे खिसे भरले. फेब्रुवारी २०२४ मध्ये या गोळ्यांची नावे व कृती २७ कोटी रुपयांना रिलायन्सच्या कंपनीला विकली गेली. नाव विकण्यात अप्रामाणिकपणा काही नाही. मोठ्या कंपन्यांच्या वितरणापुढे लहान कारखाना टिकत नाही, आणि वेळेवर विकून देणी भागविणे हेही एक व्यापारी शहाणपण आहे. शिवाय गोळी आजही या देशातच बनते आहे. गाव हरले, देश हरला नाही, एवढेच.

शेवटी सिंदियाकडे यावे लागते, कारण सुरुवात तेथून झाली. १९५० नंतर कंपनीची सूत्रे मुख्यत्वे मोरारजी कुटुंबाकडे गेली. नरोत्तम मोरारजींच्या स्नुषा सुमती मोरारजी यांनी कंपनी चालविली, आणि जहाजवाहतुकीच्या धंद्यात स्त्रीने अशा पदावर असणे त्या काळी जगातही दुर्मिळ होते. १९७१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९६५ मध्ये सिंदियाच्याच ‘जलदूत’ या मालवाहू जहाजातून भक्तिवेदांत स्वामी प्रभुपाद अमेरिकेला गेले, ते सुमतीबाईंनी दिलेल्या विनामूल्य प्रवासावर. कंपनीच्या वहीत या प्रवासाचे भाडे शून्यच लागले असेल.

सरकारशीही सिंदियाचे प्रारंभी सख्य होते. १९५० मध्ये सरकारने ईस्टर्न शिपिंग कॉर्पोरेशन काढले तेव्हा त्याचे व्यवस्थापन सिंदियाकडेच होते. १९६१ मध्ये त्यातूनच शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया उभे राहिले आणि पुढे तेच सर्वांत मोठे झाले. सिंदिया मात्र १९८० च्या दशकातील जागतिक मंदीत कर्जाखाली दबली, आणि तिचे जहाज समुद्रावर दिसेनासे झाले. जहाजे घ्यायची कर्जाने आणि भाडे ठरणार जगाच्या बाजारात. मंदी लांबली की अशा धंद्यात उभे राहणे कठीण असते, म्हणून सारा दोष चालकांवर टाकता येत नाही. बॅलार्ड इस्टेटमधील सिंदिया हाउस ही देखणी इमारत उभी आहे. तेथे पुढे आयकर खात्याची कार्यालये आली.

जहाजकंपन्या येतात आणि जातात. लॉर्ड इंचकेप यांची कंपनी तरी आज त्या नावाने कोठे आहे? वालचंदांच्या मापाने पाहायचे ते एवढेच, की आपला माल आपल्या जहाजांतून जातो काय. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारताच्या परदेशी व्यापारापैकी सुमारे ४० टक्के माल भारतीय जहाजांतून जात असे. आता हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली उतरले आहे. सुरत-भिवंडीचे कापड असो की इचलकरंजीचे, जवाहरलाल नेहरू बंदरातून ते परदेशी निघते तेव्हा त्याचे भाडे बहुतेक वेळा परदेशी कंपनीच्या खात्यात जमा होते, आणि ते भाडे दुप्पट-चौपट झाले तरी व्यापाऱ्याला ते मुकाट्याने भरावे लागते. २०२१ साली कंटेनरचे भाडे गगनाला भिडले तेव्हा निर्यातदारांनी हे सोसले आहे. दरवर्षी ५ एप्रिलला सागरी दिनाच्या समारंभात ‘लॉयल्टी’चे नाव निघते, भाषणे होतात. त्याच दिवशी बंदरात लागलेल्या जहाजांवरचे झेंडे मात्र बहुतांशी पनामाचे, लायबेरियाचे आणि मार्शल बेटांचे असतात.